गिळण्याचें दुःख

आपण मराठी माणसें काय काय गिळत नाहीं? राग गिळतों, अपमान गिळतों, प्रसंगीं ओठांवर आलेला शब्दही गिळतों. परंतु वरणभाताचा साधा घास उतरतांना कळ येऊं लागली, कीं ही सारी सहनशीलता कोठल्या कोठें जाते.

२०२३च्या पावसाळ्यांत आमच्या आत्याबाईंवर हा प्रसंग आला. पाण्याचा घोटही त्यांना निखाऱ्यासारखा वाटूं लागला. घरांत अर्थातच 'घसा धरला' असा निर्णय झाला व गुळण्या, हळदीचें दूध, ज्येष्ठमध यांची रांग लागली. घशाच्या सुजेवर हे उपाय सुखदायक खरे. ती सूज बहुधा विषाणूंची असते व आठवड्याभरांत आपण होऊन ओसरते. येथें मात्र उतार पडेना. डॉक्टरांनीं म्हटलें, "दुखतें कुठें, तें बोट ठेवून दाखवा." आत्याबाईंनीं बोट ठेवलें तें गळ्यावर नव्हे, छातीच्या मध्यावर!

गिळण्याचा आरंभ तेवढा आपल्या इच्छेनें होतो. पुढें सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका लाटेसारखी आकुंचन पावत घास जठरांत पोंचविते. हृदयाजवळची मोठी रोहिणी तिला जेथें चेपते, तेथें ती किंचित् अरुंद असते. आत्याबाई हाडांच्या ठिसूळपणासाठीं अलेंड्रोनेटची गोळी पहांटे अंथरुणांतच एका घोटाबरोबर घेत व पुन्हां आडव्या होत. गोळी वाटेंत रेंगाळून तेथें व्रण झाला होता. दुर्बिणीनें तो स्पष्ट दिसला. डॉक्सिसायक्लिनची गोळीही असाच दगा देते. पेलाभर पाणी आणि नंतर अर्धा तास ताठ बसणें, एवढें पथ्य त्यास पुरतें. पण वेष्टणावरील बारीक अक्षरें वाचतो कोण?

मला खरें भय वाटतें तें निराळ्याच रुग्णाचें. तंबाखू खाणाऱ्या एखाद्या वडील गृहस्थांना आधीं भाकरी, मग भात, मग पेजही उतरेनाशी होते, वजन घटतें, आणि घरचीं माणसें महिनोन् महिने गुळण्याच करवीत राहतात. अन्ननलिकेच्या कर्करोगाला एवढी सवड देणें परवडत नाहीं. लाळही गिळवेना किंवा श्वास अडूं लागला, तर मग तासाचाही विलंब नको.

आत्याबाईंची ती गोळी बंद झाली. आम्ल कमी करणारें औषध व थंड, मऊ अन्न सुरू झालें. तीन आठवड्यांनीं त्यांनीं सुनेला हांक मारून सांगितलें, "पुरे झाली ती पेज. आज भाकरी कर, आणि चांगली खरपूस भाज."