आजोबांना आलेलं पत्र

बाबा फेब्रुवारीत गेले. त्याआधीच्या रविवारी हॉस्टेलवर त्यांचा फोन आला, तेव्हा आमची फुटबॉलची मॅच सुरू होणार होती. ‘नंतर बोलतो’ म्हणून मी फोन ठेवला. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

मेच्या सुट्टीत आई मला आजोळी, कुंभकोणमला घेऊन गेली. माझं आजोळ तंजावरी मराठी. घरात मराठीच बोलतात, पण आजोबांना लिहिता-वाचता येते ती तमिळ. सकाळची फिल्टर कॉफी झाली की ते मला कावेरीच्या घाटावर न्यायचे. पात्रात नुसती वाळू. मेट्टूर धरणाचं पाणी सोडायचा रिवाज १२ जूनचा, असं ते रोज सांगायचे.

एक दिवस आम्ही तंजावरला गेलो. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. दत्तक वडील तुळजाजीराजे १७८७ मध्ये वारले, तेव्हा सरफोजी जेमतेम दहा वर्षांचे होते. गादी चुलत्यांकडे गेली. ती १७९८ मध्ये मिळाली, तर पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार इंग्रजांनी घेतला. मग हा माणूस ग्रंथ जमवत बसला! मी भिंतीवरची अक्षरं वाचत होतो, आजोबा ऐकत होते. परतताना बसमध्ये ते म्हणाले, “मला ही अक्षरं शिकव.”

कारण घरी आल्यावर कळलं. दिवाळीत बाबांनी त्यांच्याशी पैज लावली होती, पुढचं पत्र मराठीत लिहीन, तुम्हीच वाचायचं. पत्र जानेवारीत आलं. आजोबांनी ते कुणालाच वाचायला दिलं नव्हतं.

रोज दुपारी आमचा वर्ग भरायचा. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर, त्यामुळे चार-चार कशाला, म्हणून आजोबा वैतागायचे. जोडाक्षरांनी तर दोघांनाही घाम फोडला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून पत्र उघडलं. खुशालीच्या दोन ओळी झाल्या. मग बोट ठेवत, अक्षर लावत ते वाचू लागले, “पो-र-गं फो-न-व-र घा-ई-त अ-स-तं. म्हणजे शाळेत रमलंय. काळजी नसावी.”

मी उठून परसात गेलो. आतून पुढची ओळ ऐकू येत होती.

आता दर रविवारी मी आजोबांना पत्र लिहितो. अक्षर मोठं काढतो, पण जोडाक्षरं टाळत नाही.