अगस्तीच्या डोंगरावर एक हिवाळी दिवस

मनमाड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फलाट उभा राहतो, गाव उभे राहत नाही. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. १८७८ साली दौंडकडचा मार्ग येथे येऊन मिळाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादेकडे जाणारा तिसरा फाटा फुटला. प्रवाशाने येथे गाडी बदलावी, चहाचा पेला रिता करावा व पुढे चालू लागावे, असाच प्रघात पडून गेला आहे. परंतु ज्यास दोन घटका सवड असेल त्याने दक्षिणेकडे दृष्टी टाकावी. सुमारे दहा किलोमीटरांवर अंकाई व टंकाई हे दोन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे आहेत. मधली खिंड एवढीच काय ती दोघांतील फारकत.

समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच असलेली ही जोडी सुरतेहून औरंगाबादेस जाणाऱ्या जुन्या वाटेवर नजर ठेवून असे. १६३५ साली शहाजहानच्या सैन्याने ती जिंकली; १६६५ च्या सुमारास थेव्हेनो नामक फ्रेंच प्रवाशाने या वाटेवरील मुक्काम म्हणून अंकाईचा उल्लेख केला; आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती किल्ला न लढताच पडला. परंतु आसपासच्या लोकांना हा इतिहास फारसा ठाऊक नाही. त्यांच्या लेखी हा अगस्ती ऋषींचा डोंगर. वाढत्या विंध्याद्रीस मान लववायला लावून दक्षिणेत उतरलेले महामुनी येथे राहिले, अशी श्रद्धा आहे. माथ्यावर त्यांचे स्थान आहे आणि पलीकडे मोठे तळे.

या डोंगरावर जावयाचे असा बेत आम्हा सहा स्नेह्यांनी पौष सरता सरता केला. सहाही जण निवृत्त: कोणी शिक्षक, कोणी टपालखात्यातले, एक रेल्वेच्या कारखान्यातले, एक वैद्य. वयाने सर्वांत वडील ते आमचे दादा. गतवर्षी वहिनी निवर्तल्या. चाळीस वर्षे मनमाडात संसार केला, दारातून रोज डोंगर पाहिला, पण तळ्यावर जाण्याचा योग काही आला नाही, ही त्यांची रुखरुख दादांस ठाऊक होती. त्या तळ्याकाठी तिलांजली द्यावी एवढ्याच हेतूने दादा निघाले होते. पंचाच्या गाठीला तीळ बांधलेले होते. ते त्यांनी कोणास सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

सकाळ निरभ्र होती. थंडी मात्र बोचरी. शेजारच्या निफाड तालुक्यात तर कडाक्याच्या दिवसांत द्राक्षांच्या पानांवरील दंवही गोठते. वाटेने वैद्यबुवा कॅनडातील पुतण्याची हकीगत सांगू लागले. तिकडे हिवाळ्यात मित्रमंडळी हिमावरून धावणाऱ्या यांत्रिक गाड्या घेऊन रानावनांतून सहलीस जातात. आपल्याकडे गुलमर्गास तशा गाड्या आहेत. आज ती करमणूक झाली आहे, पण तिच्यामागे एक दुःख आहे. क्वेबेक प्रांतातील जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचा लहानगा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला. बर्फाने वाटा बुजलेल्या. रुग्णालय गाठता आले नाही, आणि मूल गेले. लहानपणापासून अशा गाडीच्या खटपटीत असलेल्या त्या पित्याने पुढे १९३७ साली हिमावर चालणाऱ्या वाहनाच्या पट्ट्याचे पेटंट मिळविले. "त्या सहलींत एक नियम पाळतात," वैद्यबुवा म्हणाले, "मागचा दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचे. हवा फिरली तर सगळ्यांनी फिरायचे." त्या वेळी आम्ही माना डोलावल्या, इतकेच.

अंकाई गावातून वर निघाले की प्रथम टंकाईच्या पायथ्याची जैन लेणी लागतात. काही दुमजली आहेत. खांबांवरील कोरीव काम व इंद्र आणि अंबिका यांच्या मूर्ती झिजल्या तरी डोळ्यांस सुख देतात. तेथून पायऱ्यांनी खिंड, खिंडीतून दरवाजे, आणि मग अंकाईचा विस्तीर्ण माथा. दोन प्रहर होण्यापूर्वी आम्ही अगस्तींच्या दर्शनास पोहोचलो. तळे अजून पुढे होते.

इतक्यात पश्चिमेकडे आभाळ काळवंडले. आपल्याकडे हिवाळ्यात पाऊस का यावा, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. भूमध्य समुद्राकडून उत्तर हिंदुस्थानावर येणाऱ्या हवेच्या लाटा कधी कधी दक्षिणेस इतक्या उतरतात की त्यांची थंड हवा आणि समुद्राकडून आलेली दमट हवा यांची गाठ आपल्या माथ्यावर पडते. उष्ण दमट हवा वेगाने वर चढते, थेंब उंचावर गोठतात, पुन्हा पुन्हा वर फेकले जाऊन वाढतात, आणि भार सोसवेनासा झाला की गारा होऊन कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्राने हे भयंकर प्रमाणात अनुभवले.

शेळ्या हाकीत एक पोरगा धावत आला. "बाबा, मागं फिरा. आभाळ चांगलं नाही. लेण्यात चला." उघड्या पठारावर विजेला उंच असे आम्हीच होतो. दादा मात्र तळ्याच्या दिशेस तोंड करून उभे. "तुम्ही व्हा पुढे," ते शांतपणे म्हणाले, "मी एवढे उरकून येतोच."

कोणी काय बोलावे? त्यांच्या मनातले सर्वांस ठाऊक, आणि हाताला धरून ओढावे असे त्यांचे वय नव्हे. वैद्यबुवा पुढे झाले व म्हणाले, "दादा, जायचे तर सहाही जण जाऊ, थांबायचे तर सहाही थांबू. एकट्याने नाही." दादांनी आमच्याकडे पाहिले. टपालखात्यातल्या स्नेह्यांच्या गुडघ्यास पट्टा होता, ते काठी टेकून उभे होते. बहुधा त्यांच्याकडे पाहूनच दादा वळले.

आम्ही कड्यातील लेण्यात शिरतो न शिरतो तोच गारा आल्या. बोराएवढ्या गारांनी अंगण पांढरे केले. शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. शेळ्या आमच्या पायांशी दाटल्या होत्या. अर्ध्या घटकेने जोर ओसरला. तेव्हा दादा उठले, तांब्यात मूठभर गारा भरल्या, हातांच्या उबेने वितळविल्या, पंचाची गाठ सोडली आणि दक्षिणाभिमुख बसले. नाम-गोत्राचा उच्चार करताना त्यांचा स्वर अडला. तेव्हा आम्ही मंत्र सांगितला. पितरांची दिशा दक्षिण आणि अगस्तींचीही दक्षिणच. विधी तळ्यावर न होता लेण्याच्या उंबऱ्यावर झाला, म्हणून तो उणा झाला असे आम्हांस वाटत नाही.

उतरताना धुके होते व पायऱ्या निसरड्या. शेळ्यांचा पोरगा पुढे, वैद्यबुवा सर्वांत मागे, आणि प्रत्येक वळणावर मोजदाद. गावात एका शेतकऱ्याने पडवीत बसवून चहा दिला. नुकताच लावलेला त्याचा उन्हाळ कांदा गारांनी झोपविला होता. "उठंल थोडा, गुरुजी, राहील तो राहील," असे म्हणून त्याने पुन्हा कपात चहा ओतला. आम्ही गारा पाहिल्या त्या एका दिवसाचा प्रसंग म्हणून. त्याला त्या वर्षभर पुरणार होत्या. पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत. मग शेळ्यांच्या पोरास वह्या पाठविण्याचे आम्ही कबूल केले व पुढल्याच आठवड्यात पाठविल्या.

ज्या वाचकांस हा डोंगर पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा. हिवाळा उत्तम, परंतु आभाळाकडे पाहून चढावे, दुपारपूर्वी माथा सोडावा, आणि गावचा माणूस फिरा म्हणाला की फिरावे. तळे कोठे जात नाही.

त्या रात्री मनमाडास पोहोचलो तेव्हा आभाळ धुऊन स्वच्छ झाले होते. पावसाळा सरताना उगवून पाणी निर्मळ करतो अशी ज्याची ख्याती, तो अगस्तीचा तारा माघ लागण्याच्या सुमारास रात्री नऊच्या आसपास दक्षिणेस खाली दिसतो. रेल्वेच्या पुलावर दादा क्षणभर थांबले. तारा नेमका डोंगराच्या अंगास होता. दादा म्हणाले, "चैत्रात पुन्हा जाऊ. सहाही जण." आणि जिना उतरू लागले.