पुसण्याचा क्रम

श्रीपुरात बसून लिनक्सवर सॉफ्टवेअर बिल्ड करायचं म्हटलं की डिस्क भरते, आणि डिस्क भरली की कुणीही एकच सल्ला देतं: क्लीन करा. सोय सगळीकडे आहे. ‘अ‍ॅप्ट क्लीन’ने उतरवून घेतलेल्या पॅकेजच्या फायली जातात, ‘मेक क्लीन’ने कंपायल झालेल्या ऑब्जेक्ट फायली जातात, ‘कॅटकिन क्लीन’ने रोबॉटिक्सच्या वर्कस्पेसमधली बिल्डची सगळी निपज जाते. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. काय आधी पुसायचं हे फाइलच्या आकारावरून ठरवू नये. ती फाइल पुन्हा हवी झाली तर आपल्या गावात, आपल्या जोडणीवर ती मिळवायला काय पडेल, यावरून ठरवावं. माळशिरस तालुक्यातल्या या गावात प्रोसेसर रात्रभर चालवणं परवडतं, एखादा गिगाबाइट पुन्हा उतरवणं मात्र बेभरवशाचं असतं. म्हणून बिल्ड झालेलं आधी पुसावं आणि नेटवरून आणलेलं सर्वात शेवटी. डिस्क भरल्यावर बहुतेक जण याच्या उलट करतात, कारण डाउनलोडचा कॅशे एका कमांडमध्ये रिकामा होतो आणि मोकळी झालेली जागा लगेच डोळ्यांना दिसते.

हा विचार काही माझा शोध नाही. ज्यांनी ही साधनं घडवली त्यांच्या निर्णयांत तो आधीपासून आहे. ‘मेक’ हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. पुढे ग्नू प्रकल्पाने पुसण्याच्या पायऱ्याच ठरवून दिल्या. ‘क्लीन’मध्ये बिल्डने तयार केलेलं जातं, ‘डिस्टक्लीन’मध्ये कॉन्फिगर करताना तयार झालेलंही जातं, आणि ‘मेंटेनर-क्लीन’मध्ये अशा फायली जातात ज्या पुन्हा तयार करायला खास साधनं लागतात, म्हणून ती कमांड आधी इशारा छापते. यातली मला सर्वात मोलाची वाटणारी पायरी ‘मोस्टलीक्लीन’ची. जीसीसी कंपायलरच्या बाबतीत ती ‘लिबजीसीसी’ ही लायब्ररी पुसत नाही, कारण ती पुन्हा कंपायल करण्याची गरज क्वचित पडते आणि वेळ फार जातो. म्हणजे फाइल किती मोठी हे कुणी विचारलं नाही, परत मिळवायला किती लागेल हे विचारलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत महासंगणकांसाठी जन्मलेला ‘स्पॅक’ हा पॅकेज मॅनेजरही असाच वागतो. नुसतं ‘स्पॅक क्लीन’ म्हटलं तर बिल्डसाठी उलगडलेल्या तात्पुरत्या डिरेक्टरी जातात. उतरवलेले सोर्सचे गठ्ठे पुसायचे तर तसा वेगळा पर्याय द्यावा लागतो. ‘कॅटकिन क्लीन’ पुसण्याआधी होकार मागतं, आणि ‘ड्राय-रन’ लावलं तर काय काय जाईल ते नुसतं दाखवतं.

मग अडचण कुठे येते? अडचण डीफॉल्टमध्ये आहे. ‘अ‍ॅप्ट-गेट’ ही जुनी कमांड पॅकेज बसवल्यावर त्याची उतरवलेली फाइल जपून ठेवते. 2016 पासून ‘अ‍ॅप्ट’ ही नवी, रोजच्या वापरासाठी सुचवली जाणारी कमांड मात्र बसवणं यशस्वी झालं की ती फाइल काढून टाकते. ज्याच्या दारात जलद, अमर्याद इंटरनेट आहे त्याला हे सोयीचंच आहे. पण खेड्यातला विद्यार्थी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. रोजचा एक-दीड गिगाबाइट संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग सेकंदाला 64 किलोबिटवर येतो. या वेगाने 100 मेगाबाइटची फाइल उतरायला जवळपास साडेतीन तास लागतात, तेही मध्ये जोडणी तुटली नाही तर. तेवढ्याच आकाराच्या ऑब्जेक्ट फायली साध्या लॅपटॉपवर बहुतेकदा काही मिनिटांत पुन्हा तयार होतात. डिस्कवर दोन्ही सारखीच जागा अडवतात, किंमत मात्र सारखी नाही. श्रीपूर हे साखर कारखान्याचं गाव आहे, त्यामुळे इथे हे समजावणं सोपं जातं: हंगाम संपल्यावर कारखाना सगळा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, विकून आवार मोकळं करत नाही, कारण पुढच्या हंगामात बॉयलर पेटवायला तोच लागतो.

यावर पहिला आक्षेप असा, की आता डेटा स्वस्त झाला, ही काटकसर जुन्या काळातली आहे. प्रति गिगाबाइट दर खरोखरच खूप खाली आला आहे, हे मान्य. पण स्वस्त असणं आणि हवं तेव्हा मिळणं या दोन गोष्टी आहेत. वीज गेली, टॉवरवर भार आला, की दर कितीही असो, फाइल येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जी फाइल परत आणू म्हणतो ती तिथे असेलच हे आपण गृहीत धरतो. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं जेमतेम 11 ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजच्या भांडारातून काढून घेतलं आणि जगभरातली बिल्ड अडली. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊ महिनेच आधार असतो. त्यानंतर त्यांची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून हलवली जातात, आणि जुना पत्ता वापरणाऱ्याला नकार मिळतो. या दृष्टीने ‘अ‍ॅप्ट ऑटोक्लीन’ नीट पाहण्यासारखं आहे. आता कुठूनच उतरवता येणार नाहीत अशाच फायली ते पुसतं, कारण त्या निरुपयोगी झाल्या असं मानलेलं आहे. नव्या आवृत्तीने काम बिघडलं आणि मागे फिरायचं असलं, तर नेमकी तीच फाइल हवी असते. आर्च लिनक्समधलं ‘पॅककॅशे’ प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवून बाकीच्या काढतं. मला तो मधला मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो सुरक्षेचा आहे. जुन्या फायली साठवल्या तर जुन्या त्रुटीही साठवल्या, असं म्हणतात. पण फाइल कॅशेमध्ये असणं म्हणजे ती बसवलेली असणं नव्हे. ‘अपडेट’ चालवून यादी ताजी केली, की ‘अ‍ॅप्ट’ कुठली आवृत्ती हवी ते त्या यादीवरून ठरवतं, आणि कॅशेमधली फाइल त्याच आवृत्तीची असेल, तिचा चेकसम जुळत असेल, तरच वापरतं. जुनी आवृत्ती मुद्दाम मागितल्याशिवाय बसत नाही. धोका असतो तो ‘अपडेट’ टाळणाऱ्याला, आणि माझा अनुभव असा की ज्याला प्रत्येक वेळी सगळं नव्याने उतरवावं लागतं तोच अपडेट टाळतो. याच्याच जोडीला सांगितलं जातं की स्वच्छ बिल्ड हीच विश्वासाची बिल्ड, कारण जुन्या ऑब्जेक्ट फायली राहिल्या तर चुका लपतात. अगदी खरं आहे. म्हणूनच बिल्डची निपज बिनधास्त पुसा म्हणते, वारंवार पुसा म्हणते. सोर्सचा गठ्ठा जागेवर असेल तर तशी स्वच्छ बिल्ड नेट नसतानाही होते.

माझ्या क्रमाला एक अपवाद मात्र मानायलाच हवा. जीसीसीसारखा कंपायलर सोर्सपासून बिल्ड करायला साध्या मशीनवर तासन् तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर केलेलं काम अर्धवट राहतं. तिथे बिल्ड झालेली वस्तूच महाग ठरते, ती जपावी. याच कारणाने ‘स्पॅक जीसी’ वापरताना मी सावध असते. आपण स्वतः मागितलेली पॅकेजेस आणि ती चालायला लागणारी पॅकेजेस एवढी ठेवून ते बाकीची काढतं; सीमेकसारखी फक्त बिल्डपुरती लागणारी साधनं त्यात जाऊ शकतात, आणि पुढच्या बिल्डला पुन्हा तयार करावी लागतात. ‘अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह’लाही होकार देण्याआधी समोर आलेली यादी शेवटपर्यंत वाचावी. जे हवं आहे ते ‘अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल’ने हाताने मागितलेलं म्हणून नोंदवलं, की ते सुटतं.

एका मशीनपुरता हा हिशेब इथे संपतो, पण तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या लॅबमध्ये तो वीसपट होतो. वीस मशीन तेच पॅकेज वीसदा उतरवतात आणि वीसदा पुसतात. त्याऐवजी एका जुन्या मशीनवर ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’ बसवून बाकीच्यांना त्याचा प्रॉक्सी द्यावा. पॅकेज एकदाच येतं आणि पुढे लॅबच्या आतल्या तारेवरून फिरतं. मग प्रत्येक मशीनवर ‘अ‍ॅप्ट क्लीन’ खुशाल चालवावं, कारण परत आणण्याची वाट शेजारच्या टेबलापर्यंतच असते. जिथे नेट अजिबात नाही तिथे भारतीय डेबियन विकासक रितेश राज सर्राफ यांचं ‘अ‍ॅप्ट-ऑफलाइन’ आहे: काय हवं त्याची यादी पेन ड्राइव्हवर घ्यायची, अकलूजला किंवा पंढरपूरला चांगल्या जोडणीवर सगळं उतरवायचं, आणि आणून बसवायचं. ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’च्या सेटिंगमध्ये यादीतून गेलेल्या फायली किती दिवसांनी काढायच्या त्याचा आकडा असतो, आणि सुरुवातीला तो 4 असतो. तो वाढवून निदान एका सत्राइतका करावा, म्हणजे वर्षाच्या मध्यावर एखादी आवृत्ती मागे घ्यावी लागली तरी लॅब थांबणार नाही.