मागे टाकणे

परवा नातवाचा फोन आला, "आजोबा, मी सगळ्यांना मागे टाकलं!" आनंद झाला, पण मी शब्दापाशी अडलो. 'टाकणे' म्हणजे सोडून देणंही. 'मात करणे'मधली मात बुद्धिबळातली. समोरचा संपला की डाव संपतो. 'सरस ठरणे'मध्ये मात्र रस आहे, पाडापाडी नाही. आमच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिचे अभंग त्यांच्या अभंगांशेजारी 650 वर्षांहून अधिक काळ नांदताहेत. कुणी कुणाला मागे टाकलं नाही.

वर्गात मीही "मागे टाका" म्हणायचो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही. मी विचारलंही नाही.

नातवाला म्हटलं, "शाब्बास! आणि शेवटचा कोण आला रे?"