साधनपट्टी आणि एक पाठभेद

अव्वल इंग्रजी काळातील एका गद्यग्रंथावर आम्ही काही काळापूर्वी एक टिपण लिहिले होते. ते आता आम्ही मागे घेतले आहे. मागे का घ्यावे लागले, याची हकीकत न्याहाळकाच्या, म्हणजे ब्राउझरच्या, साधनपट्टीशी निगडित आहे. तरीही ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी वाचावी असे आम्हांस वाटते. कारण चूक यंत्राची दिसत असली तरी ती होती वाचकाची. ग्रंथाचे नाव येथे देत नाही. दोष त्याचा नाही, आणि त्याची जालावरील प्रत सिद्ध करणाऱ्यांचाही नाही.

न्याहाळकाच्या माथ्यावर पत्त्याची चौकट असते आणि तिच्या उजवीकडे लहान लहान चिन्हांची रांग असते. न्याहाळकाला वरून जोडलेल्या एक्स्टेन्शन्सची ही चिन्हे. देवघरात टाक मांडावेत तशी आमच्याकडे ती नऊ मांडलेली होती: एक शब्दकोशाचे, एक संदर्भनोंदी ठेवणाऱ्या झोटेरोचे, एक जाहिराती अडवणारे, एक परवलीचे शब्द सांभाळणारे, एक पानाचे छायाचित्र घेणारे, वगैरे. वर्गात भिंतीवर पान दाखवू लागलो की मजकुराआधी मुलांचे लक्ष त्या रांगेकडे जाई. एकदा एकाने विचारलेदेखील, "सर, त्या हिरव्या डब्यावरचा आकडा कसला?" वर्गाचे लक्ष विचलित होते म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही आवराआवर केली. क्रोममध्ये कोड्याच्या तुकड्यासारखे जे चिन्ह असते त्यावर टिचकी मारली की सर्व एक्स्टेन्शन्सची यादी उघडते आणि प्रत्येक नावापुढे एक टाचणी दिसते. टाचणी काढली की चिन्ह पट्टीवरून उतरते. आम्ही आठ टाचण्या काढल्या आणि शब्दकोश तेवढा ठेवला. पट्टी स्वच्छ झाली, आणि आमचे काम संपले असे आम्ही मानले.

मुलाने विचारलेला तो हिरवा डबा शब्द बदलणाऱ्या एक्स्टेन्शनचा होता. त्याची कथा अशी. एम. ए.च्या वर्गाला एकोणिसाव्या शतकातील गद्य शिकवताना पहिली अडचण अनुस्वारांची येते. ज्याचा उच्चार होत नाही असा अनुस्वार देऊ नये, हा नियम मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमावलीतून आला, ती महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केली. त्यानंतर शाळेत गेलेल्या पिढ्यांना 'नाहीं', 'कांहीं', 'केलें', 'तें' ही रूपे डोळ्यांत खुपतात आणि वाचन अडखळते. म्हणून एका सत्राच्या आरंभी आम्ही हे एक्स्टेन्शन बसवले आणि त्याला चोवीस शब्दांची यादी दिली: तें, हें, जें, केलें, झालें, गेलें, होतें, नाहीं, कांहीं इत्यादी. जिथे हा शब्द दिसेल तिथे अनुस्वार काढून टाकावा, अशी आज्ञा. सर्वांत वारंवार येणारे शब्द निवडले, म्हणजे थोडक्यात काम भागेल. बदललेल्या शब्दांची संख्या त्या हिरव्या चिन्हावर उमटत असे. सत्र संपले, नवे आले, आणि मधल्या काळात आम्ही ते एक्स्टेन्शन पूर्णपणे विसरलो.

पुढे दीड वर्षाने, अन्य कामासाठी, तो गद्यग्रंथ जालावर वाचत होतो. वाचता वाचता एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. लेखक अनुस्वार देतो, पण सर्वत्र देत नाही. 'घरांत', 'मुलें', 'पाहिलें' यांवर तो आहे. 'ते', 'हे', 'केले', 'नाही' यांवर मात्र नाही. आम्ही चार प्रकरणे तपासली. एकही अपवाद नव्हता. भाषेतील जे शब्द सर्वाधिक तोंडी फिरतात ते आधी झिजतात, हे सर्वमान्य आहे. तेव्हा हा लेखक कानाने लिहिणारा असावा, नियम ठरण्याच्या कितीतरी आधी त्याने बोलण्यात झिजलेल्या शब्दांवरील अनुस्वार सोडून दिला असावा, असा सिद्धान्त आम्ही मांडला. त्याला जोड म्हणून एक वाक्यही हाती लागले. परिच्छेद राजांविषयी आणि त्यांच्या राज्याविषयी होता, आणि शेवटी 'ते गेले' असे दोन शब्द होते. कोण गेले? राजे की राज्य? जुन्या लेखनात 'ते गेले' म्हणजे राजे आणि 'तें गेलें' म्हणजे राज्य, असा भेद डोळ्यांना दिसतो. लेखकाने तो जाणूनबुजून पुसला आणि दोन्ही अर्थ एकत्र नांदू दिले, असे आम्ही लिहिले. या संदिग्धतेवर आम्ही दोन पाने खर्च केली आणि ती आम्हांस फार आवडली होती.

एवढ्यावर थांबले असते तर आमचीच फजिती झाली असती. पण आमच्या मार्गदर्शनाखाली प्रबंधिका लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने हा विषय उचलला. आम्ही तिला पडद्यावरून उतरवून घेतलेले उतारे दिले, आणि तिने त्यांवर एक संपूर्ण प्रकरण रचले. चार महिन्यांनी ती आमच्याकडे आली आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत बसली. मग म्हणाली, "सर, मला सगळीकडे अनुस्वार दिसतायत." ती एसटीच्या प्रवासात मोबाइलवर तेच संकेतस्थळ वाचत होती. "मोबाइलचा फॉन्टच अनुस्वार घालतोय असं आधी वाटलं. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय." हे तिच्या लक्षात येऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवस ती स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवत राहिली, कारण उतारे आम्ही दिलेले होते.

आम्ही तिच्यासमोरच पान उघडले. आमच्या पडद्यावर 'ते गेले', तिच्या मोबाइलवर 'तें गेलें'. तिनेच सुचवले म्हणून खासगी खिडकीत तेच पान पाहिले, तर तेथे अनुस्वार हजर. खासगी खिडकीत एक्स्टेन्शन्स आपण मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज चालत नाहीत, हे तिला ठाऊक होते, आम्हांस नव्हते. पानाचा मूळ स्रोत उघडला, तर त्यातही अनुस्वार जसेच्या तसे. बदल फक्त आमच्या पडद्यावर मांडलेल्या पानात होत होता, आणि पडद्यावरून उतरवून घेतलेला मजकूर बदललेलाच उतरत होता. कोड्याच्या तुकड्यावर टिचकी मारली. यादीत तो हिरवा डबा होता. त्याला पुन्हा टाचणी लावली, आणि पट्टीवर चढताच त्याने आपला आकडा दाखवला: ३१४. त्या एका पानावर आम्ही स्वतः तीनशे चौदा शब्द बदलले होते आणि त्या बदलांचे श्रेय एका मृत लेखकास दिले होते. वारंवार येणारे शब्द आधी झिजतात, हा सिद्धान्त खरा ठरण्याचे कारण इतकेच की आम्ही यादीत वारंवार येणारे शब्द घातले होते.

त्यानंतर या पट्टीचा इतिहास आम्ही जरा आस्थेने पाहिला. फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली. त्या काळी एक्स्टेन्शन्स मोकाट असत: कोणी पट्टीवर, कोणी मेनूत, कोणी खिडकीच्या तळाशी असलेल्या स्थितिपट्टीवर ठाण मांडी. २०११ साली चौथ्या आवृत्तीत ती तळाची स्थितिपट्टी गेली आणि तिच्या जागी एक्स्टेन्शन्ससाठी वेगळी पट्टी आली. २०१४ साली तीही गेली. २०१७ साली जुन्या घडणीची एक्स्टेन्शन्सच फायरफॉक्समधून बाद झाली, आणि नव्यांना नेमून दिलेल्या जागीच बसणे भाग पडले. क्रोमने २०१६ साली उलटा प्रयोग केला. प्रत्येक एक्स्टेन्शनला चिन्ह सक्तीचे केले, म्हणजे काय काय चालू आहे हे वापरणाऱ्यास कळावे. पट्टी गजबजली. २०२० साली कोड्याचा तुकडा आला, आणि नवे एक्स्टेन्शन आपण टाचणी लावेपर्यंत त्याच्या आडच राहू लागले. २०२३ साली फायरफॉक्सनेही तशीच सोय केली. स्वच्छता आणि माहिती यांच्यामध्ये हा लंबक वीस वर्षे हलतो आहे. आमची आवराआवर म्हणजे त्याचीच एक लहानशी हालचाल होती.

या सर्वांत मुख्य गोष्ट ही की टाचणी काढल्याने एक्स्टेन्शन थांबत नाही. चिन्ह दिसणे आणि काम चालणे यांचा परस्परांशी संबंध नाही. एक्स्टेन्शन बसवताना क्रोम एक वाक्य दाखवतो, आणि त्याचा आशय असा असतो: हे सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व विदा वाचू व बदलू शकेल. वाचणे आणि बदलणे. दोन क्रियापदे. ग्रंथाच्या एका शब्दावर दोन पाने लिहिणाऱ्या आम्ही हे वाक्य न वाचताच मान्य केले होते.

पाठचिकित्सेचे एक तत्त्व आम्ही दरवर्षी शिकवतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली पूर्ण केले. १२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग झाला. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर संपादकांनी निश्चित केलेली संहिता, आणि खाली, अनेकदा संहितेपेक्षा जास्त जागा अडवून, पाठभेदांची दाटी. जेथे संपादकांचा निर्णय पुरेसा पक्का नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ. पान देखणे दिसत नाही. पण संपादकाचा हात कोठे लागला हे पानावरच कळते, आणि कोणा वाचकाला शंका आली तर ती तपासण्याची सोय तेथेच असते. सुबक, टीपारहित आवृत्ती काढणे केव्हाही सोपे होते. संहितेत हस्तक्षेप करणाऱ्याने आपला हस्तक्षेप दृष्टीआड ठेवू नये, हे ते तत्त्व. वर्गात ते शिकवून घरी येऊन आम्ही आमच्या पट्टीवरील नागमोडी रेघ काढून टाकली, ती केवळ पट्टी सुंदर दिसावी म्हणून.

आता आमची पट्टी नव्या न्यायाने मांडली आहे. पूर्वी आम्ही उपयोग पाहत असू: जे वारंवार लागते ते वर. आता आम्ही हस्तक्षेप पाहतो. जे मजकूर बदलते ते वर, मग ते महिन्यातून एकदा का लागेना. त्यामुळे शब्दबदल्या पट्टीवर आला आहे, जाहिराती अडवणारेही आले आहे, कारण तेही पानातून काहीतरी काढतेच. शब्दकोश आत गेला; बोलावल्यावाचून तो काही करीत नाही. शिवाय क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनला सर्व स्थळी चालू द्यायचे, ठराविक स्थळी, की केवळ टिचकी मारल्यावर, हे ठरवता येते. शब्दबदल्याला आम्ही तिसरा पर्याय दिला आहे. आता अनुस्वार काढायचे तर आमचा हात हलावा लागतो. झोटेरो मात्र वेगळ्या कारणाने पट्टीवर राहिला. त्याचे चिन्ह पानागणिक बदलते: ग्रंथसूचीतील नोंद असेल तर पुस्तक, नियतकालिकातील लेख असेल तर लेखाचे पान, एकाहून अधिक नोंदी असतील तर फोल्डर. आपण पान काय म्हणून वाचले हे तो आधीच सांगतो, म्हणून चुकला तर पकडता येतो. आम्ही आमचे वाचन असे कधी सांगितले नव्हते.

त्या विद्यार्थिनीचे प्रकरण रद्द झाले. आम्ही विभागाला लेखी कळवले की चूक मार्गदर्शकाची आहे, आणि तिला मुदतवाढ मिळाली. नव्या प्रकरणासाठी तिने विषय निवडला तो जालावरील जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रतींमधील पाठांचा. प्रत्येक उताऱ्याखाली ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या न्याहाळकात, कोणती एक्स्टेन्शन्स चालू असताना तो वाचला याची नोंद देते. पहिला खर्डा पाहताना या नोंदींनी पान फार भरून गेले असे आम्हांस वाटले, आणि त्या परिशिष्टात हलवाव्यात असे समासात लिहिण्यासाठी आम्ही पेन्सिल उचललीही. मग ठेवून दिली.

वर्गात भिंतीवर पान उघडले की हिरवा डबा आता पुन्हा दिसतो. परवा एकाने विचारलेच, त्यावरचा आकडा कसला म्हणून. त्या दिवशीचा तास त्यातच गेला.