परतीचे डिझेल

दोन इंजिने असली की एक बंद पडले तरी दुसरे आहेच, असे वर्गात दर वर्षी कोणी तरी कॅडेट म्हणतो. त्याचे म्हणणे खरे आहे, पण दोन्ही इंजिने वेगवेगळ्या टाकीतून पीत असतील तरच. ही गोष्ट मी नौदलाच्या इंजिनरूममध्ये शिकलो. तिचा सर्वांत चांगला दाखला मात्र मला घरी मिळाला, काशीत.

आमचे घर दुर्गाघाटावर. हा घाट आणि शेजारचा ब्रह्मा घाट अठराव्या शतकात नारायण दीक्षितांनी बांधला. तेव्हापासून या गल्ल्यांत मराठी कुटुंबे आहेत. घरात मराठी आणि दाराबाहेर बनारसी, असा मी वाढलो. माझा बालमित्र मल्लाह आहे. त्याची मोठी प्रवासी बोट आहे आणि तिला जुन्या ट्रकची दोन डिझेल इंजिने बसवलेली आहेत. काही वर्षांपूर्वी कार्तिकात मी सुट्टीवर गेलो, तेव्हा तो जिना चढून घरी आला आणि म्हणाला, "गुरू, नाव दहिने झुकत हौ."

बोट उजवीकडे कलते, एवढीच त्याची तक्रार नव्हती. आदल्या संध्याकाळी पंचवीस माणसे घेऊन येताना ब्रह्मा घाटाच्या खाली दोन्ही इंजिने एकदमच थंडावली. काशीत गंगा उत्तरेला वाहते. पुढे राजघाटाचा जुना रेल्वे पूल आणि त्याचे दगडी खांब. बोट आडवी होऊन तिकडे वाहू लागली. दोन नावांनी दोर टाकून ती काठाला ओढली म्हणून निभावले. डावी टाकी कोरडी निघाली. सकाळी काठोकाठ भरलेली 120 लिटरची टाकी तीन तासांत संपली होती, आणि ती साडेसात तास पुरते हा त्याचा अनुभवाचा हिशेब होता. म्हणजे डिझेल कोणी तरी काढले. बोटीवर राहतो कोण? त्याचा भाचा, अठरा-एकोणीस वर्षांचा. घाटावर चोर म्हणून त्याचे नाव फिरून झाले होते. पोरगा पायऱ्यांवर बसला होता आणि कोणाशी बोलत नव्हता.

मी विचारले, "उजव्या टाकीत किती आहे?"

"राखीव आहे. चाळीस लिटर. तिला हात लावत नाही."

सळी घालून मोजले. 112 लिटर निघाले.

इथे डिझेल इंजिनाची एक सवय समजून घ्यायला हवी. पेट्रोलचे साधे इंजिन जेवढे लागेल तेवढेच घेते. डिझेल इंजिनाचा पंप लागते त्यापेक्षा जास्त ओढतो. जळते ते जळते, उरलेले पंपातून आणि नोझलवरून फिरून, कोमट होऊन, परतीच्या पाइपने टाकीत येते. त्या बोटीत दोन्ही इंजिने डाव्या टाकीतून ओढत होती. परतीचे दोन्ही पाइप मात्र उजव्या टाकीला जोडलेले होते. त्या मोसमात बोटीची दुरुस्ती झाली होती, आणि ज्याने पाइप लावले त्याला उजव्या टाकीच्या डोक्यावर दोन मोकळी भोके सोयीची वाटली असावीत.

मी भाच्याला हाक मारली. बोट घाटालाच बांधून इंजिने फेरीच्या वेगावर चालवली, परतीचे पाइप सोडून दोन डब्यांत धरले आणि घड्याळ लावले. सहा मिनिटांत प्रत्येक डब्यात 1.2 लिटर. म्हणजे तासाला एका इंजिनाचे 12, दोघांचे 24, तीन तासांचे 72. चाळीस अधिक बहात्तर किती, ते पोराने मामाच्या आधी सांगितले. राहिलेले 48 लिटर जळाले होते: तासाला 16, म्हणजे मामाचा साडेसात तासांचा हिशेबही बरोबरच होता. आणि डिझेल लिटरला साधारण 840 ग्रॅम भरते. डावीकडून शंभर किलो गेले, उजवीकडे साठ किलो आले. बोट कलणारच.

मित्राला एक शंका राहिली. इंजिने बंद पडताच त्याने कॉक उजव्या टाकीवर फिरवला होता, मग ती चालू का झाली नाहीत? कारण टाकी कोरडी पडली की पाइपमध्ये हवा शिरते. ती फिल्टरपासून हातपंपाने काढत जावे लागते, आणि वाहत्या बोटीवर अंधारात तेवढा वेळ मिळत नाही.

दुपारभर बसून आम्ही पाइप बदलले. डावे इंजिन डाव्या टाकीतून घेणार आणि तिथेच परत देणार. उजव्याचे तसेच उजवीकडे. फिल्टरही वेगळे, म्हणजे एका टाकीत पाणी वा कचरा आला तरी एकच इंजिन बंद पडेल. दोन्ही बाजू जोडणारा कॉक ठेवला, पण बंद. तो उघडायचा तर आधी का उघडतो ते ठाऊक हवे. 24 ऑगस्ट 2001 रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस विमानात उजव्या इंजिनाकडे गळती होती. दोन बाजूंचे इंधन समान दिसेना म्हणून वैमानिकांनी जोडणारा व्हॉल्व्ह उघडला, आणि डावीकडचे चांगले इंधनही गळतीतून गेले. अटलांटिकवर दोन्ही इंजिने बंद पडली. विमान तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरवले, 306 जण वाचले. वैमानिकांचे ते उतरवणे अप्रतिम होते. पण मी वर्गात तो व्हॉल्व्हच आधी शिकवतो.

आता काशीतल्या कित्येक बोटी सीएनजीवर गेल्या आहेत, नमो घाटावर गॅस भरायची सोय आहे, आणि गॅसला परतीचा पाइप नसतो. माझ्या मित्राची बोट तेव्हा डिझेलचीच होती. त्याने भाच्याची माफी मागितली नाही. मामा लोक तसे काही करत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे डिझेलचे पैसे त्याने सगळ्यांदेखत पोराच्याच हातात दिले आणि किती आणायचे ते सांगितले नाही. पोरगा सळी घेऊन आधी उजवी टाकी मोजायला गेला.