ब्रिटन, व्हाया आष्टी

फ्रीलान्स पत्रकार म्हणजे काय, याचा आमच्या घरात एकच अर्थ आहे : हिला वेळ असतो! त्यामुळे लग्नपत्रिकेचा मजकूर, बाळाचं नाव, कुणाकुणाचे रेझ्युमे ही सगळी खाती आपोआप माझ्याकडे येतात. गेल्या दिवाळीत त्यात परराष्ट्र खात्याची भर पडली. पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या चुलत दादाने जाहीर केलं, की जूनमध्ये आम्ही सगळे ब्रिटनला जाणार. आणि प्लॅनिंग? ते आत्या बघेल.

सगळे म्हणजे चौघं. दादा, वहिनी, दहावीतली थोरली आणि तेरा वर्षांचा धाकटा. ही आत्या पुण्यातच राहून हॉटेलं शोधणार!

तुमच्यापैकी बहुतेकांना अजून टीनएजर मुलं नसतील. पण भाचे-पुतणे असतातच. या वयातल्या मुलांसोबत फिरायला जायचं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना सोबत न्यावं लागतं, पण ती सोबत येत नाहीत. शरीर ताजमहालासमोर असतं, मान मोबाइलमध्ये असते. आणि ‘तुला काय बघायचंय?’ या प्रश्नाचं जगभर एकच उत्तर आहे. ‘काहीपण.’

दादाच्या घाईमागे एक कारण होतं. जूननंतर थोरली नागपूरला जाणार. हॉस्टेल, अकरावी-बारावी, सोबत नीटचं कोचिंग. त्यानंतर कुठलं कॉलेज, कुठलं गाव, कोण जाणे. म्हणजे चौघांनी एका खोलीत भांडत झोपायची ही बहुधा शेवटची ट्रिप. दादा हे बोलून दाखवत नव्हता. फक्त बजेटचा विषय काढला की ‘बघू गं, होईल’ म्हणायचा. आणि हा तोच दादा आहे, जो पार्किंगचे वीस रुपये वाचवायला अर्धा किलोमीटर चालतो.

त्याने कुठल्याशा टूर कंपनीचा प्लॅन आणला होता. बारा दिवस, नऊ शहरं. सकाळी सातला ब्रेकफास्ट, आठला बस. धाकट्याने फोटो बघितले आणि पान उलटलं. थोरलीने शांतपणे विचारलं, ‘मी नाही आले तर चालेल का?’

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. दादाने टीव्हीचा आवाज वाढवला.

तो प्लॅन तिथेच संपला. आणि दोन दिवसांनी आम्ही सगळे दिवाळीसाठी आष्टीला निघालो.

आष्टी म्हणजे आमचं मूळ गाव. वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती हायवेवरच्या तळेगावहून आत. गावाचं पूर्ण नाव आष्टी (शहीद). एसटीच्या पाटीवर ते कंसातलं ‘शहीद’ मी लहानपणापासून वाचत आलेय. मुलांसाठी मात्र आष्टी म्हणजे अंगणातली खाट, शेतातली संत्री आणि गायब असलेलं नेटवर्क. गावात आजोबा असतात. नव्वदी पार केलीय, पण पेपर अजून चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात.

दादाने त्यांना ट्रिपची बातमी दिली. आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, ‘ज्यायले हाकलाले गावानं जीव देला, त्यायच्याच घरी तुमी पैसे भरून चाल्ले व्हय? काहून?’

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. दादाला उत्तर सुचेना. पण थोरलीने पहिल्यांदाच मोबाइलमधून मान वर केली. ‘जीव दिला म्हणजे? काय झालं होतं इथे?’

मग त्या रात्री ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. इंग्रजांनी भारत सोडावा, हा ठराव काँग्रेसच्या कार्यकारिणीने केला तो आपल्या वर्ध्यात, १४ जुलै १९४२ला. ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं. आणि १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीची माणसं पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाली. गोळीबार झाला. गावकरी मारले गेले. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही असंच घडलं. मग खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. अनसूयाबाई काळे यांनी त्या रद्द व्हाव्यात म्हणून जिवाचं रान केलं आणि शेवटी फाशी टळली. आजोबा तेव्हा जेमतेम शाळेत जायच्या वयाचे. त्यांना आठवते ती लावलेली दारं आणि घरातली चिडीचूप.

थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आत्या, आजोबांचा प्रश्न बरोबर आहे. काहून?’

सकाळी तिने लॅपटॉपवर एक शीट उघडली. पहिला रकाना ठिकाण, दुसरा भाडं, तिसरा वेळ. आणि चौथ्या रकान्याचं नाव : काहून? जिथे जायचं, तिथे का जायचं ते एका ओळीत लिहायचं. नाही लिहिता आलं, तर ते ठिकाण कट! ‘काहीपण’ म्हणणाऱ्या मुलीने हा नियम काढला आणि नऊ शहरांची तासाभरात तीन झाली. लंडन, एडिंबरा, मँचेस्टर.

मँचेस्टर धाकट्याचं. ‘काहून?’समोर त्याने लिहिलं, ‘ओल्ड ट्रॅफर्ड.’ जूनमध्ये मॅच बघायला मिळणार नाही, कारण लीग मे महिन्यात संपते, हे कळल्यावर त्याचा चेहरा जाम पडला. पण स्टेडियमची टूर असते म्हटल्यावर गाडी रुळावर आली. गंमत म्हणजे ‘मँचेस्टर’ ऐकून आजोबाच खाटेवरून उठून बसले. ‘तिथं तं आपला कापूस जाये!’

खरंच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायरमधल्या गिरण्या भारताकडे वळल्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. आपल्या हिंगणघाटच्या नावाने कापसाची एक जात त्या व्यापारात ओळखली जायची. पुढे १९१७ साली पुलगाव-आर्वी नॅरोगेज आली, तीही कापसासाठीच. आता ती गाडी बंद आहे, पण आजोबा तिच्यात बसलेत. धाकट्याला हे सगळं ‘सॉलिड’ वाटलं. त्याने शोध घेतला, तर मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये १८३०चं रेल्वे स्टेशन जपून ठेवलंय आणि प्रवेश फुकट. शहराबाहेर स्टायलला क्वारी बँक नावाची १७८४ची कापडगिरणी आहे. तिथे नऊ-दहा वर्षांची मुलं कामाला असायची आणि त्यांचं राहायचं घर आजही बघता येतं. ‘म्हणजे माझ्यापेक्षा लहान?’ त्याने दोनदा विचारलं. फुटबॉलच्या दिवसाला गिरणीचा दिवस असा जोडला गेला, आणि तो त्याने स्वतः जोडला.

मग मी त्यांना एक फोटो दाखवला. १९३१चा सप्टेंबर. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेन गावात गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात उभे आहेत आणि बायका हात उंचावून जल्लोष करतायत. विदेशी कापडावरच्या आपल्या बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला होता, त्याच या बायका. पाच वर्षांनी गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. आष्टीहून सेवाग्राम काही लांब नाही. मुलांची शाळेची सहलही तिथे गेली होती. तरी हा फोटो त्यांनी कधी पाहिला नव्हता.

आजोबांनी फोटो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाले, ‘ह्या बायायच्या गावाले जाऊन या.’

व्हिसा मिळायच्या आधी आम्हाला परवानगी मिळाली होती!

थोरलीचा दिवस लंडनचा. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून मी फक्त एक नाव सांगितलं : रखमाबाई. लहानपणी लग्न झालं, मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, १८८४ पासून चाललेला खटला देशभर गाजला. मग त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर वुमनमध्ये शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटमध्ये प्रॅक्टिस केली. थोरलीने त्यावर ‘ओके’ म्हटलं. या वयातलं ‘ओके’ काय अर्थाचं, ते ओळखायला शिकावं लागतं. दुसऱ्या दिवशी शीटमध्ये तिची ओळ होती : ब्लूम्सबरी, रखमाबाईंचं कॉलेज ज्या भागात होतं तो, आणि जवळच युस्टन रोडवर वेलकम कलेक्शन, वैद्यकाचं म्युझियम, फुकट. समोर लिहिलं होतं, ‘ती एकटी गेली होती. मी पण नागपूरला एकटी जाणारे.’

मी ते वाचलं आणि वहिनीला दाखवलं. वहिनी काही बोलली नाही. नागपूरचा विषय घरात इतके महिने होता, पण थोरलीला त्याचं काय वाटतं, हे पहिल्यांदा कळलं ते एका एक्सेल शीटमधून.

दादाला लॉर्ड्स हवं. ‘काहून? १९८३.’ यावर वाद शक्य नाही. शिवाय वेंगसरकरांनी तिथे तीन कसोटी शतकं ठोकलीत, हे त्याने न विचारता सांगितलं. फक्त सामन्याच्या दिवशी टूर नसते, तेव्हा तारीख बघून घ्या, एवढंच मी त्याला बजावलं. वहिनीला एडिंबरा. ‘काहून? कारण तिथे एक दिवस मी बाकावर बसणार आहे आणि कुणी मला डबा मागणार नाही.’ मंजूर!

तर आमचा फंडा असा ठरला : चौघांना एकेक दिवस मालकीचा. ज्याचा दिवस, त्याच्या हातात त्या दिवसाचे पैसे, तिकिटं आणि नकाशा. बाकीच्यांनी मुकाट्याने मागे चालायचं. तक्रार करायची असेल तर ती आपल्या दिवशी. उरलेले दिवस सगळ्यांचे, आणि त्यातही दिवसाला एकच मोठी गोष्ट. टिळक १९१८-१९मध्ये राहिले ते हॉली प्लेसचं घर किंवा बाबासाहेब राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं ते किंग हेन्रीज रोडचं घर, दोन्ही यादीत आहेत. पण एका दिवशी नाही. आदरालाही पाय दुखतात.

आता तुमच्या कामाच्या चार गोष्टी, कारण हे खातं कधी ना कधी तुमच्याकडेही येणार आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. प्रत्येकाचा वेगळा, मुलांचाही. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा आणि तोवर पैसे परत न मिळणारं काहीही बुक करू नका. आमचा अर्ज मार्चमध्ये, दहावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी. मुलांचे पासपोर्ट आधी तपासा, कारण लहान मुलांचा पासपोर्ट बहुतेक वेळा पाचच वर्षांचा असतो.

ब्रिटनच्या रेल्वेत सोळाव्या वाढदिवसानंतर मूल ‘मोठं’ होतं, पूर्ण तिकीट लागतं. पण ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्ड घेतलं, की सोबत पाच ते पंधरा वर्षांचं एक मूल असलं तर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट मिळते. म्हणजे धाकटा सोबत आहे म्हणून थोरलीचं तिकीट स्वस्त! हे त्याने तिला आतापर्यंत निदान दहा वेळा ऐकवलंय. लंडनच्या मेट्रोत अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्यांना ऑयस्टर कार्डावर अर्ध्या भाड्याची सोय मिळते, फक्त स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून ती करून घ्यावी लागते.

जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतर सूर्य मावळतो. दहाला उठणाऱ्या टीनएजरसाठी यापेक्षा सोयीचा देश नाही. आणि हो, भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे खव्याची संत्रा बर्फी विमानतळापर्यंतच खायची.

एवढं सगळं करून ट्रिप भारी होईलच, याची गॅरंटी नाही. पाऊस पडेल, धाकटा हरवल्यासारखा करेल, थोरली एखाद्या दुपारी कुणाशी बोलणार नाही. पण आता ती येणार आहे. इतकंच नाही, तर रात्री अकराला मला मेसेज करते, ‘आत्या, एडिंबराची ट्रेन किंग्ज क्रॉसवरून आहे ना? मग तिथलं पावणेदहा नंबरचं प्लॅटफॉर्म पण टाकू का?’ मी विचारते, ‘काहून?’ ती म्हणते, ‘वाटेतच आहे.’ चालतंय.

शीटमधला एकच रकाना बरेच दिवस रिकामा होता. सगळ्यात वर ट्रिपचं नाव आहे, त्याच्या समोरचा. परवा उघडून बघितलं तर दादाने तिथे लिहिलं होतं, ‘चौघं आहोत तोवर.’

एरवी असलं काही दिसलं की थोरली ‘बाबा, प्लीज’ म्हणते. यावेळी ती काहीच म्हणाली नाही. तिने फक्त तो रकाना लॉक केला.